बिनघोड्याचा टाक

धुळ्यातली निम्मी मेलेली माणसं रुपचंद सोनारानं घोड्यावर बसवली. यात अतिशयोक्ती असलीच तर ती मेलेल्यांच्या आकड्यात आहे, घोड्यात नाही.

आमच्या भागात घरातलं मोठं माणूस गेलं आणि वर्ष सरलं, की पुष्कळ घरी त्याचा टाक करतात. टाक म्हणजे तळहातावर मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेलं चित्र. तो देवघरात खंडोबाच्या आणि कुलदेवीच्या रांगेत बसतो आणि गेलेला माणूस त्या दिवसापासून घरचा देव होतो. देव झाला म्हणजे वाहन आलं. म्हणून टाकावर तो घोड्यावर, हातात तलवार, डोक्यावर पागोटं. जन्मभर ज्यानं बैलगाडीच्या मागच्या टोकाला पाय हलवत तंबाखू मळली, तोही मेल्यावर दौडत असे. बाईमाणूस असेल तर ती नवऱ्याच्या मागे बसे. तिथेही मागेच.

रुपचंदभाऊंकडे घोडेस्वाराचा काशाचा ठसा एकच होता, आज्याच्या हातचा. त्यावर चांदी ठेवायची, वर शिशाचा गोळा, मग हातोडी. त्यामुळे शिरपूरचा पाटील असो की पेठेतला तेली, चेहरा एकच उठायचा. एकदा कोणी तक्रार केली की आमचे आबा असे दिसत नव्हते. भाऊ म्हणाले, "आता दिसतील."

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो आणि शाळेत इंग्रजी शिकवत होतो, म्हणजे मुलांना इंग्रजी येत नाही याची दरवर्षी खात्री करून घेत होतो. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसणं हा माझा नेम. भाऊ अंगानं काडी, चश्म्याची एक काडी दोऱ्याची, बोलणं बेताचं. गिऱ्हाईक आलं की आधी मेलेल्या माणसाचं सगळं सांगे. कसा होता, काय खाई, कोणाशी भांडला, शेवटी पाणी कोणाच्या हातचं मागितलं. भाऊ काम बाजूला ठेवून सगळं ऐकत. मी एकदा विचारलं, शेवटी ठसा तोच मारायचा तर एवढं ऐकता कशाला? ते म्हणाले, न ऐकता मारला तर नीट उठत नाही.

आणि या माणसाला घोड्याची भीती होती. साधीसुधी नाही. स्टेशनात उतरले की टांगेवाले हाका मारत, हे पिशवी छातीशी धरून पलीकडच्या कडेनं पायी. लग्नात घोडी आणली तेव्हा नवरदेव मांडवापर्यंत चालत आले, असं प्रमिलाबाई, म्हणजे त्यांची बायको, आम्हां भाडेकरूंना दर दिवाळीला सांगत. "घोडी रिकामी पुढं आणि हे मागून. लोकांना वाटलं, लग्न घोडीचं आहे."

एक्क्याण्णव सालच्या माघात दोंडाईच्याहून यशोदाबाई आल्या. दुपारची एस.टी. रिकामी झाली की तिच्यातली माणसं आमच्या गल्लीवरून बाजाराकडे जात. ही बाई मात्र पायरीशी थांबली, चपला काढल्या आणि दुकानात न चढता खालीच बसली. नवरा मोतीलाल एस.टी.त ड्रायव्हर, धुळे-दोंडाईचा गाडीवर. एकच मुलगा, निंबा. आजोबाचं नाव ठेवलेलं. धुळ्याला कॉलेजात होता. तिथं त्यानं मित्रांना आपलं नाव निक सांगितलं होतं. हे घरी कळलं ते तो गेल्यावर, कारण भेटायला आलेली पोरं दारात उभी राहून "निकचं घर हेच का?" असं विचारत होती, आणि शेजारी नाही म्हणून सांगत होते.

मुलाला घरी येण्या-जाण्याला म्हणून मोतीलालनं जुनी मोटारसायकल घेऊन दिली होती. तीवर घरी येताना शिंदखेड्याच्या फाट्यापुढे ट्रकनं त्याला घेतलं. कमरेखाली अंगावरून चाक गेलं. त्याच रस्त्यानं मागून मोतीलालची एस.टी. येत होती. गर्दी दिसली तशी त्यानं गाडी कडेला लावली, प्रवाशांना बसून राहा म्हणाला आणि एकटा खाली उतरला.

हे सगळं यशोदाबाईंनी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. भाऊंनी हातातली सांडशी केव्हाच खाली ठेवली होती. मग त्यांनी नेहमीचं विचारलं, टाक केव्हा हवा. त्या म्हणाल्या, आखाजीला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितर जेवायला येतात. घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. त्या दिवशी ज्याचा टाक देवघरात नसेल तो दारापर्यंत येतो आणि बाहेर उभा राहतो, असं म्हातारी माणसं म्हणतात.

"एक सांगनं शे भाऊ," यशोदाबाई म्हणाल्या. "त्याले कशावरच बसाडू नका."

भाऊंचा हात सवयीनं आज्याच्या ठशाकडे गेला होता, तो मागे आला.

यशोदाबाईंनी पदराची गाठ सोडून कॅसेटच्या डबीतला कागद काढला. घडी घालून घालून मधोमध पांढरा पडलेला. कुठल्याशा परदेशी रॉक बँडची कॅसेट. निंबा ती घरी आला की दिवसभर लावायचा. बाप ड्युटीवरून आला की बंद, बाप झोपला की बारीक आवाजात सुरू. तो गेल्यावर यशोदाबाईच ती लावत बसायच्या. शब्द कळत नव्हते, पण त्यातला माणूस रडतो एवढं कळत होतं. शेवटी टेप यंत्रात गुंडाळली जाऊन तुटली. कागद राहिला. त्यावरच्या चित्रावर बोट ठेवून निंबा म्हणायचा, "आई, हाऊ मी शे." हा मीच आहे.

म्हणून त्यांना टाकावर तो चित्रातला माणूसच हवा होता.

त्या गेल्यावर भाऊंनी कागद माझ्याकडे सरकवला, कारण त्यावर इंग्रजी होतं. मी चश्मा पुसून पाहिलं. बँडचं नाव हाडांच्या आकाराच्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तीन अक्षरांपुढे मला गती नव्हती, हे सांगणं मी बोलण्याच्या ओघात सहज टाळलं. चित्र असं: काळे कपडे घातलेला एक उंच माणूस, केस कमरेपर्यंत, तोंडावर आलेले. दोन्ही हातांनी गिटार डोक्यावर उचललेली. गुडघ्यापर्यंत जाळ. पाठीमागे पंख पसरलेला भलामोठा काळा पक्षी. आभाळ कलेजीच्या रंगाचं.

"हा कोण देव?" भाऊ म्हणाले.

"देव नाही. गाणारा आहे. ते लोक असं सैतान-बितान काढतात, घाबरवायला."

"कोणाला?"

"आईबापांना."

भाऊंनी कागदाची घडी बोटानं सपाट केली. मग म्हणाले, ही तर घाबरली नाही. सैतान म्हणजे काय, हेही त्यांनी मला विचारलं आणि मी बायबलातलं होतं नव्हतं तेवढं ज्ञान खर्चून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. आपल्याकडे वाईट देव असला तर त्याला वेशीवर नारळ देतात, त्याचं काय हवं-नको ते बघतात. कायमचा हाकलून कोणाला देत नाहीत. मग ते स्वतःच चित्र वाचायला लागले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा इंग्रजी कागद कोणाला नीट वाचताना पाहिला.

जाळ पाहून ते म्हणाले, ही आगारी. आखाजीची. घास टाकलाय, आणि तो घ्यायला हा आलाय. केस वाढलेत, म्हणजे नवस राहिलाय कोणाचा तरी. हातातलं काय ते वाद्य त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. वीणा करावी तर पोरगा काही संत नव्हता. तलवार करावी तर खोटं होईल. शेवटी ठरवलं की देवाच्या हातात जे असतं ते त्याचं आयुध, मग ते काहीही असो, त्याला नाव ठेवायचं नाही. तोंड केसांनी झाकलेलं आहे याचं त्यांना बरं वाटलं. "माझ्याकडे चेहरा एकच आहे मास्तर. तो याला चालला नसता."

पक्ष्यापाशी मात्र ते अडले. गरुड असेल का, मी म्हणालो. काळा आहे, ते म्हणाले. आणि त्यांना यशोदाबाईंनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. दहाव्याला निंबाच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. नातेवाइकांनी हात जोडून काय काय कबूल केलं. गाडी कोणाला विकणार नाही, खोलीतल्या कॅसेटी फेकणार नाही, बाप ओरडणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. मोतीलाल तेवढा पुष्कळ उशिरा आला.

"तेव्हा आला नाही," भाऊ म्हणाले. "आता टाकावरच बसवून टाकू. पाठीमागेच राहील."

असा त्या परदेशी चित्राचा टाक ठरला. म्हणजे भाऊंच्या मनात ठरला. चार दिवसांनी मोतीलाल आला तेव्हा मोडला.

खाकी कपडे, बिल्ला, हातात तिकिटाच्या पेटीसारखी धरलेली जेवणाची डबी. गाडी स्टँडवर होती, परत सुटायला थोडा वेळ होता. तो पायरीवर बसला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. घरच्या देवघरात त्याचा बाप, आजा, पणजा सगळे घोड्यावर आहेत. पोरगा बिनलग्नाचा गेला. तसल्या पोराला देवघरात कशाला घेता, असं भावकी आधीच म्हणते आहे. तो घोड्यावर असला तर रांगेत तरी दिसेल. नुसता उभा केला तर नोकरासारखा वाटेल.

"आणि बठ्ठे बाप-आजे घोड्यावर येतील आखाजीला," तो म्हणाला. "हा पायी मागं राहील. याचं पान थंड होईल. त्याले थंड जेवण चालत नव्हतं."

भाऊंनी त्याला यशोदाबाईंचं सांगणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. गाडी मीच घेऊन दिली होती, एवढंच म्हणाला आणि स्टँडकडे निघून गेला.

आता आली का पंचाईत. आई म्हणते कशावर बसवू नका, बाप म्हणतो घोड्याशिवाय आणू नका. दोघं एका घरात राहतात, पण या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. बोलतात ते धुळ्याच्या सोनाराशी, आणि तेही वेगवेगळ्या गाडीनं येऊन. प्रमिलाबाई म्हणाल्या, घोडा करा आणि त्याच्या शेजारी पोराला उभा करा. भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या स्वतःहून चहा करायला उठल्या. मी सुचवलं की भांड्यांच्या दुकानात यंत्राचे टाक मिळायला लागलेत, माळेत लटकवलेले, त्यांतला एक द्यावा आणि सुटावं. यावर माझ्यासाठी चहा आलाच नाही.

होळी झाली, फाल्गुन गेला, चैत्र लागला. धुळ्याचं ऊन म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. त्या उन्हात भाऊ दुकानाचं अर्धं दार लावून आत ठसा कोरत बसले. पुष्कळ वर्षांत त्यांनी नवा ठसा कोरला नव्हता. काशाच्या तुकड्यावर सगळं उलटं आणि खोल कोरायचं, म्हणजे चांदीवर सुलटं आणि वर उठतं. पहिला तुकडा फुकट गेला. दुसऱ्यात गिटार वल्ह्यासारखी आली आणि निंबा नावाडी झाला. मधेच त्यांची छिन्नी बोटात घुसली. मी विचारलं की कोणाचं ऐकलंत? ते म्हणाले, बापाचं ऐकायला गेलो तर घोडा कोरावा लागेल, आणि तो मला समोर बघून कोरता येणार नाही. हे कारण खरं नव्हतं. आईनं सांगताना त्यांचा हात ठशावरून मागे आला, तो पुन्हा तिकडे गेलाच नव्हता.

आखाजीच्या दोन दिवस आधी नवरा-बायको दोघं एकाच गाडीनं आली. मोतीलालच चालवत होता, यशोदाबाई पाठीमागच्या बाकावर होत्या. दुकानात दोघं दोन बाजूंना बसली, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

भाऊंनी लाल कापडात गुंडाळलेला टाक काढला. मी खूप टाक पाहिलेत. हा पाहून माझं बोलणं थांबलं, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचं मोल कळेल. पंख पसरलेला कावळा त्या पोराच्या पाठीशी असा उभा होता की त्यानं त्याला झाकून घ्यावं. खाली जाळाच्या जिभा. वर उचललेले हात. तोंड नव्हतंच, नुसते केस. तरी तो कोणाचा तरी मुलगा होता, हे कळत होतं.

यशोदाबाईंनी तो हातात घेतला, पदरानं पुसला. मग मधल्या जागेवरून हात लांब करून नवऱ्यापुढे धरला.

मोतीलालनं टाक उन्हाकडे धरला. ड्रायव्हर माणूस, लांबचं बघायची सवय, जवळचं दिसेना. दूर धरला, जवळ आणला. घोडा कुठे आहे, असं तो विचारणार म्हणून भाऊ मान खाली घालून बसले होते.

"पाय कुठं शेत याचे?" मोतीलाल म्हणाला.

पाय नव्हते. कागदावर जाळ गुडघ्यापर्यंत होता आणि टाकावर तो तसाच उतरला होता. भाऊंना त्यात काही वाटलंच नव्हतं. घोडेस्वाराचे पाय रिकिबीत जातात, देवी मांडी घालून असते. उभ्या जन्मात त्यांच्या ठशाला माणसाचं पाऊल लागलेलं नव्हतं.

मोतीलालनं टाक खाली ठेवला. रस्त्यावर तो उतरला तेव्हा त्यानं काय पाहिलं होतं, ते त्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

"घोडा ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्याले पाय द्या भाऊ. पायीपायी यी घर. मी पान गरम ठेवसू."

यशोदाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला.

आता पाय करायचे म्हणजे ठशात करता येत नव्हते. चांदीला खालून बोटभर कोरी पट्टी होती, तीवर टाक लाखेत बसवून, हातानं मागून उठवायचे. आणि भाऊंना पाय येत नव्हते. त्यांनी आपला पाय पाटावर ठेवून पाहिला, तो त्यांना वरून दिसत होता, समोरून नाही. प्रमिलाबाईंचा दाखवा म्हणाले, त्या आत निघून गेल्या. उरलो मी. माझे पाय घराण्यानं चालत आलेले सपाट, अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, जशी आमच्या शाळेतली शिक्षकांची बैठक. पायजमा वर खोचून मी दुकानाच्या उंबऱ्याशी पाटावर उभा राहिलो. रस्त्यानं जाणारे माझे दोन विद्यार्थी थांबले आणि मला शिक्षा झाली आहे असं समजून समाधानानं पुढे गेले.

टाक झाला तेव्हा जाळाच्या खाली दोन बारीक पावलं होती, लक्ष्मीची काढतात तशी, पण सपाट आणि जरा फाकलेली. जमिनीवर नीट टेकलेली.

आखाजीला भाऊ आणि मी दोंडाईच्याला जेवायला गेलो. देवघरात घोडेस्वारांची रांग होती आणि शेवटी हा एक उभा. घागरीवर खरबूज, सांजोरी. मोतीलालनं निखाऱ्यावर आगारी टाकली, तुपाचा जाळ उठला, आणि एक पान त्यानं चुलीजवळ नेऊन झाकून ठेवलं. आम्ही सगळे जेवून उठलो, तरी ते पान झाकलेलंच होतं. त्या घरात माझ्या पायांना हळदकुंकू लागलं होतं. मी पाय मांडीखाली घेऊन बसलो होतो.

निघताना भाऊंनी यशोदाबाईंना सांगितलं, टाक उजळताना पाय घासू नका, हातानं उठवलेत, पातळ आहेत. त्या हो म्हणाल्या.

पुढे ही गोष्ट कॉलेजातल्या पोरांना कळली. केस वाढवलेली पोरं दुकानात यायला लागली, आम्हाला तसलं लॉकेट हवं म्हणून. भाऊ त्यांना म्हणत, "देतो. आधी मरा, मग या." निंबाचा ठसा त्यांनी पुन्हा कधी वापरला नाही. आज्याच्या ठशाशेजारी तो कापडात बांधून ठेवला होता. यंत्राचे टाक गल्लीत जागोजाग लटकायला लागले, भाऊंकडे ऐकण्याचं काम कमी होत गेलं. मग नजर गेली आणि सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात भाऊही गेले. वर्ष झाल्यावर पुतण्यांनी त्यांचा टाक केला. भांड्यांच्या दुकानातून आणला. घोड्यावर. प्रमिलाबाईंनी तो देवघरात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघा कसे अंग चोरून बसलेत."

त्यानंतरच्या एका दसऱ्याच्या आधी यशोदाबाई आल्या. पायरीशी चपला काढल्या. दुकानात आता पुतण्या होता, पंखा होता, काचेचं कपाट होतं. मी वरून उतरलो. त्यांनी पदरातून टाक काढून कपाटावर ठेवला. कावळा होता, जाळ होता, वर उचललेले हात होते. खाली पट्टी नुसती गुळगुळीत. दर सणाला चिंच लावून उजळताना त्यांचं बोट आधी पायांवरूनच फिरत असणार. घासू नका म्हणून सांगितलेलं होतं, म्हणजे त्या पाय घासत नव्हत्या. चेपत होत्या.

पुतण्या भला मुलगा. त्यानं टाक उलटासुलटा पाहिला. हे हाताचं काम आता कोणी करत नाही म्हणाला. चांदी मोडीत घेऊन नवा देतो, घोड्यावरचा तयार आहे. मी मधे पडून काहीतरी बोलायला लागलो. नाशिकला कोणी असेल, चौकशी करू, असलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," यशोदाबाई म्हणाल्या. टाक त्यांनी पुन्हा पदरात बांधला. "आते त्याले वाट मालूम शे."

मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. दोंडाईच्याची गाडी लागलेली होती. मोतीलाल निवृत्त झाला होता, गाडीवर कोणी नवा ड्रायव्हर होता. त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. एक बाई बसायला आली, तिला म्हणाल्या, पुढं बसा अक्का, इथं माणूस येतंय. गाडी भरली, कंडक्टरनं घंटी दिली. पिशवी तिथंच होती.